आयटी उद्योग केवढा मोठा? आकडे कोण मोजतं, कसं मोजतं आणि ते जुळत का नाहीत

२०२३-२४ या एकाच वर्षाचे आकडे घ्या. नॅसकॉम या उद्योगसंघटनेच्या अंदाजानुसार भारतीय तंत्रज्ञान उद्योगाची उलाढाल सुमारे २५४ अब्ज डॉलर. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार सॉफ्टवेअर सेवांची निर्यात एका ओळीत सुमारे १९० अब्ज डॉलर, आणि त्याच पाहणीत दुसऱ्या ओळीत सुमारे २०५ अब्ज. आदल्या वर्षासाठी, म्हणजे २०२२-२३ साठी, केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने इक्रिअर या संस्थेसह केलेल्या अभ्यासात ‘डिजिटल अर्थव्यवस्था’ निघाली ४०२ अब्ज डॉलरची, जीडीपीच्या ११.७४ टक्के. बातम्यांत हे सगळं ‘आयटी क्षेत्र’ याच नावाने फिरतं. यातला एकही आकडा खोटा नाही. प्रत्येकाने मोजलेली गोष्ट वेगळी आहे.

(अब्ज म्हणजे १०० कोटी, इंग्रजी बातमीतला एक बिलियन. घाईच्या भाषांतरात बिलियनचे दहा कोटी झालेले मथळे अधूनमधून दिसतात, तेव्हा शून्यं मोजून घेतलेली बरी.)

कुंपण कुठे घालायचं?

कुठल्याही उद्योगाची आकडेवारी सुरू होते यादीपासून: कोणता धंदा आत, कोणता बाहेर. माहिती व दळणवळण तंत्रज्ञान, म्हणजे आयसीटी क्षेत्राची आज वापरात असलेली आंतरराष्ट्रीय व्याख्या ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या आर्थिक संघटनेने २००७ मध्ये ठरवली. कसोटी साधी आहे. ज्या वस्तूचं किंवा सेवेचं मुख्य काम इलेक्ट्रॉनिक मार्गाने माहितीवर प्रक्रिया करणं, ती पोचवणं किंवा दाखवणं हे आहे, ती तयार करणारा उद्योग आत, बाकीचे बाहेर. संयुक्त राष्ट्रांच्या उद्योग-वर्गीकरणाच्या चौथ्या आवृत्तीतून या कसोटीवर संकेतांक निवडले गेले. आपलं राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरण, एनआयसी-२००८, त्याच आवृत्तीवर बेतलेलं आहे. पाचवा अंक तेवढा आपल्या गरजेपुरता जोडलेला.

कारखान्यांच्या बाजूला २६१ म्हणजे सुटे इलेक्ट्रॉनिक भाग आणि बोर्ड, २६२ संगणक व त्याची जोडउपकरणं, २६३ दळणवळणाची उपकरणं (मोबाइलचा हँडसेट इथे), २६४ टीव्ही-स्पीकरसारखा घरगुती माल आणि २६८ चुंबकीय व प्रकाशीय माध्यमं. घाऊक व्यापारात ४६५१ आणि ४६५२. सेवांमध्ये ५८२ सॉफ्टवेअर प्रकाशन, ६१ दूरसंचार, ६२ प्रोग्रॅमिंग व सल्ला, ६३१ डेटाप्रक्रिया, होस्टिंग आणि वेब पोर्टल, आणि शेवटी ९५१ संगणक व फोनची दुरुस्ती.

नवखा अभ्यासक इथे हमखास एक चूक करतो. एनआयसीत ‘माहिती आणि दळणवळण’ अशाच नावाचा एक मोठा विभाग आहे, ‘जे’ अक्षराचा, ५८ ते ६३ संकेतांकांचा. नाव जुळतं म्हणून तो अख्खा उचलला जातो. पण त्यात पुस्तकं आणि वर्तमानपत्रं छापून आणणारे प्रकाशक आहेत, चित्रपटनिर्माते आहेत, रेडिओ-टीव्ही वाहिन्या आहेत. म्हणजे दिवाळी अंकाचा प्रकाशक आयटी उद्योगात गेला, आणि मोबाइल जोडणारा कारखाना मात्र बाहेर राहिला, कारण तो उत्पादनाच्या विभागात बसतो. २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी मान्य केलेल्या पाचव्या आवृत्तीत हा विभाग फोडला आहे: प्रकाशन-प्रसारण एकीकडे, दूरसंचार-संगणकसेवा दुसरीकडे. उशिरा का होईना, बरं झालं.

कोपऱ्यावरचं मोबाइलचं दुकान घ्या. तिथे फोन विकले जातात, काच बदलून मिळते, रिचार्जही होतो. किरकोळ विक्रीचा संकेतांक ४७४१ ओईसीडीच्या यादीत नाही. दुरुस्तीचा ९५१२ आहे. दुकान कुठे मोजायचं हे त्याच्या ‘मुख्य उद्योगा’वरून ठरतं, म्हणजे ज्या कामातून सगळ्यात जास्त मूल्य मिळतं त्यावरून. मालकाने पाहणी करणाऱ्याला “मुख्यतः विक्रीच” असं सांगितलं की दुरुस्तीच्या टेबलावर बसलेला कारागीरही किरकोळ व्यापारात गेला. देशभरात अशी दुकानं किती असतील याचा विचार करा, म्हणजे या एका उत्तराचं वजन कळेल.

उलाढाल वेगळी, मूल्यवर्धन वेगळं

जीडीपीशी तुलना करायची तर उलाढाल चालत नाही; सकल मूल्यवर्धन लागतं. विकलेल्या मालाच्या किमतीतून बाहेरून विकत घेतलेल्या वस्तू आणि सेवा वजा केल्या की उरतं ते मूल्यवर्धन. समजा, एका कारखान्यातून १५,००० रुपयांचा फोन बाहेर पडतो. त्यातले सुटे भाग १२,५०० रुपयांचे, बहुतेक आयात केलेले. वीज, वाहतूक, बाहेरच्या सेवा ७०० रुपयांच्या. मूल्यवर्धन झालं १,८०० रुपये. ‘उत्पादन’ म्हणून मात्र १५,००० ची नोंद होते. चार्जर दुसऱ्या देशी कारखान्याने ३०० रुपयांना पुरवला असेल, तर त्या कारखान्याच्या उत्पादनातही ते ३०० मोजले जातात आणि फोनच्या किमतीतही. बेरजेत दोनदा.

म्हणूनच सरकारी निवेदनांत येणारा मोबाइल उत्पादनाचा आकडा (२०१४-१५ मध्ये सुमारे १८,९०० कोटी रुपये, २०२३-२४ मध्ये सुमारे ४.२२ लाख कोटी) झपाट्याने वाढलेली जोडणी दाखवतो, आणि ती वाढ खरीच आहे. पण त्यातलं किती मूल्य देशात तयार झालं हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी वार्षिक उद्योग पाहणीत जावं लागतं. २०२३-२४ पर्यंतची ही पाहणी मुख्यतः कारखाना कायद्याखाली नोंदलेल्या कारखान्यांची आहे: वीज वापरणारे किमान १० कामगारांचे, वीज न वापरणारे किमान २० चे. तिथे उत्पादन, कच्चा माल आणि मूल्यवर्धन हे तीन रकाने शेजारीशेजारी मिळतात.

सॉफ्टवेअर कंपनीत चित्र उलटं असतं. तिचा सगळ्यात मोठा खर्च पगार, आणि पगार मूल्यवर्धनातून वजा होत नाही. ही गोष्ट हिशेबनीस मंडळींनाही सुरुवातीला खटकते, कारण नफा-तोटा पत्रकात पगार खर्चाच्या बाजूला असतो. राष्ट्रीय लेख्यात, म्हणजे जीडीपी काढण्याच्या देशाच्या हिशेबात, मात्र पगार, नफा, घसारा हे सगळे मूल्यवर्धनाचेच वाटे. त्यामुळे १०० रुपयांच्या विक्रीमागे फोनच्या कारखान्यात १०-१५ रुपये मूल्यवर्धन असेल, तर सॉफ्टवेअर कंपनीत ते त्याच्या कितीतरी पट भरतं. दोघांची उलाढाल एका ओळीत बेरीज करून तिला जीडीपीने भागलं, तर येणाऱ्या टक्केवारीला अर्थ उरत नाही. २५४ अब्ज डॉलरना जीडीपीने भागून ‘आयटीचा वाटा सात टक्के’ म्हणणारी वाक्यं याच जातीची. तो वाटा नव्हे. दोन वेगळ्या मापांचं गुणोत्तर आहे.

इक्रिअरच्या ११.७४ टक्क्यांचं तसं नाही. तो मूल्यवर्धनावर बेतलेला आकडा आहे. पण तिथे कुंपण मोठं आहे. त्यातले ७.८३ टक्के हे दूरसंचार, आयटी सेवा, इलेक्ट्रॉनिक्स अशा मूळ आयसीटी उद्योगांचे. साधारण २ टक्के डिजिटल प्लॅटफॉर्म आणि मध्यस्थांचे, आणि उरलेले सुमारे २ टक्के बँका, किरकोळ व्यापार, शिक्षण अशा पारंपरिक क्षेत्रांत डिजिटल मार्गाने होणाऱ्या कामाचे. पहिला भाग बऱ्यापैकी पक्का. शेवटचा भाग गृहीतकांवर उभा असतो, कारण बँकेचं किती काम ‘डिजिटल’ हे कुठल्याच ताळेबंदात लिहिलेलं नसतं. आयटी उद्योगाबद्दल लिहायचं असेल तर ७.८३ घ्या.

आणखी एक आडवळण. केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाच्या २०११-१२ आधारवर्षाच्या मालिकेतल्या ठळक तक्त्यात आयटी नावाची ओळच सापडत नाही. दूरसंचार सापडतो ‘व्यापार, हॉटेल, वाहतूक, दळणवळण आणि प्रसारणाशी संबंधित सेवा’ या ओळीत. सॉफ्टवेअर सापडतं ‘वित्त, स्थावर मालमत्ता आणि व्यावसायिक सेवा’ या ओळीत, घरभाडी आणि वकिलांच्या शेजारी. तिमाही जीडीपी जाहीर झाल्यावर ‘दळणवळणाची ओळ वाढली, म्हणजे आयटी तेजीत’ असं विश्लेषण कोणी केलं, तर त्याने हॉटेलं आणि मालट्रक मोजले. सुटी सुटी आकडेवारी हवी तर वार्षिक राष्ट्रीय लेखा प्रकाशनाच्या तपशीलवार तक्त्यांत उतरावं लागतं.

कंपनीच्या क्रमांकात दडलेला उद्योग

राष्ट्रीय लेख्यातला खासगी कंपन्यांचा भाग २०११-१२ च्या मालिकेपासून कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या एमसीए-२१ या नोंदणीतून येतो. कंपन्या आपले ताळेबंद तिथे भरतात, राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय त्यातून मूल्यवर्धन काढतं. पण ताळेबंदातला पैसा कोणत्या उद्योगात टाकायचा हे ठरवायला कंपनीचा उद्योग-संकेतांक लागतो, आणि गोम तिथेच आहे.

प्रत्येक कंपनीला २१ अक्षरांचा ओळखक्रमांक असतो. पहिलं अक्षर शेअरबाजारात नोंद आहे की नाही ते सांगतं, पुढचे पाच अंक उद्योग, मग राज्याची दोन अक्षरं, स्थापनेचं वर्ष, मालकीचा प्रकार आणि शेवटी सहा अंकी नोंदणी क्रमांक. उद्योगाचे पाच अंक बहुधा स्थापनेच्या वेळी पडलेले असतात. पुढे धंदा बदलला, वर्गीकरणाची आवृत्ती बदलली, तरी अंक तसेच राहू शकतात. इन्फोसिसच्या क्रमांकातले हे अंक आहेत ८५११०. टीसीएसच्या क्रमांकात २२२१०. एनआयसी-२००८ ची यादी उघडून पाहा: ८५ म्हणजे शिक्षण, आणि २२२ म्हणजे प्लॅस्टिकच्या वस्तू. सॉफ्टवेअर ६२ मध्ये आहे.

एवढ्या मोठ्या कंपन्या कोण चुकवणार? त्यांचा धंदा सगळ्यांना ठाऊक आहे. खरा प्रश्न लहान कंपन्यांचा, ज्यांचं नाव ‘अमुक सोल्यूशन्स’ आणि कागदावरचा संकेतांक भलताच. २०१६-१७ मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७४ व्या फेरीत सेवाक्षेत्रातल्या कंपन्या प्रत्यक्ष शोधायला माणसं गेली. २०१९ मध्ये आलेल्या तांत्रिक अहवालाने खळबळ उडवली: एमसीएच्या यादीतून निवडलेल्या कंपन्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक पाहणीच्या उपयोगाच्या ठरल्या नाहीत. कुणी पत्त्यावर सापडली नाही, कुणी बंद पडलेली होती, आणि बरीच मंडळी भलत्याच उद्योगात नोंदलेली होती. एकूण जीडीपीवर याचा परिणाम किती यावर मतभेद झाले. चुकीच्या खान्यात पडलेला रुपया बेरजेतून नाहीसा होत नाही हा युक्तिवाद खराच आहे. पण तुम्हाला बेरीज नको असून एक खाना हवा असेल, तर हा युक्तिवाद कामाचा नाही. आयटीचा खाना मोजणाऱ्याची सगळी अडचण खान्यांचीच आहे.

निर्यात: जिथे जकातनाका नाही

कांदा निर्यात झाला तर बंदरावर शिपिंग बिल बनतं. सॉफ्टवेअर तारेतून जातं. म्हणून आपल्याकडे सॉफ्टेक्स नावाचा अर्ज आला. निर्यातदार आपली बिलं त्यावर जाहीर करतो. सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कमधलं युनिट ही पार्क चालवणाऱ्या एसटीपीआय या सरकारी संस्थेकडे, विशेष आर्थिक क्षेत्रातलं युनिट तिथल्या विकास आयुक्तांकडे. १९९१ साली स्थापन झालेल्या एसटीपीआयच्या पहिल्या केंद्रांत बंगळूरु आणि भुवनेश्वरबरोबर पुणे होतं.

राज्यांच्या तुलनेत इथेच घोळ होतो. एसटीपीआय राज्यवार निर्यात जाहीर करतं, पण ती फक्त एसटीपीआयकडे नोंदलेल्या युनिटांची. हिंजवडीसारख्या ठिकाणी एकाच रस्त्यावर एक इमारत एसटीपीआयच्या हिशेबात आणि समोरची विशेष आर्थिक क्षेत्राच्या हिशेबात असू शकते. एका राज्याचा आकडा एसटीपीआयपुरता आणि दुसऱ्याचा दोन्ही मिळून, असे तक्ते समाजमाध्यमांवर सर्रास फिरतात. ‘महाराष्ट्र मागे पडला’ किंवा ‘पुढे गेला’ यावर भांडण्याआधी दोन्ही रकान्यांत काय धरलंय ते पाहावं. कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय मुंबईत आणि काम करणारी माणसं पुणे, चेन्नई, हैदराबादेत, हाही नेहमीचा प्रकार; ताळेबंद देशाचा एकच असतो, राज्यवार खातेफोड त्यात नसते. राज्याच्या उत्पन्नात तो वाटायला दुसरा काही निर्देशक घ्यावा लागतो, आणि निर्देशक बदलला की वाटाही बदलतो.

आता १९० आणि २०५. रिझर्व्ह बँक दरवर्षी सुमारे सात हजार सॉफ्टवेअर आणि आयटी-आधारित सेवा कंपन्यांकडे प्रश्नावली पाठवते. उत्तर देणाऱ्या त्यांच्या साधारण एक तृतीयांश असतात, पण मोठ्या कंपन्या जवळपास सगळ्या त्यात येतात, म्हणून निर्यातीचा मोठा हिस्सा थेट नोंदला जातो; बाकीच्यांसाठी अंदाज बांधला जातो. भारतात बसून परदेशी ग्राहकासाठी केलेलं काम आणि तात्पुरतं तिकडे जाऊन केलेलं काम मिळून झाले १९० अब्ज डॉलर. भारतीय कंपन्यांच्या परदेशातल्या उपकंपन्यांनी तिकडेच विकलेल्या सेवा धरल्या की २०५. जागतिक व्यापार करारांच्या भाषेत हा शेवटचा प्रकार ‘व्यापारी उपस्थिती’. व्यवहारतोलाच्या लेख्यात, म्हणजे देशाच्या परदेशांशी होणाऱ्या देवघेवीच्या हिशेबात, तो निर्यात धरत नाहीत, कारण ती उपकंपनी त्या देशाची रहिवासी समजली जाते. तिचा नफा आपल्याकडे येतो तो उत्पन्न म्हणून, निर्यात म्हणून नाही. व्यापारतूट किंवा चालू खात्याबद्दल लिहिताय? १९० घ्या. भारतीय कंपन्यांचा जगातला पसारा दाखवायचाय? २०५.

रहिवासी कोण, या प्रश्नाने एकदा मोठीच गंमत केली होती. २००३ या वर्षासाठी भारताने सांगितलं की अमेरिकेला व्यावसायिक-तांत्रिक सेवांची निर्यात सुमारे ८.७ अब्ज डॉलर. अमेरिकेची नोंद सांगत होती, भारताकडून अशा सेवांची आयात ४२ कोटी डॉलर. वीसपट फरक! नोकऱ्या परदेशी जाण्यावरून तेव्हा अमेरिकेत राजकारण तापलेलं होतं, त्यामुळे अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २००५ मध्ये या फरकाची चिरफाड केली. लबाडी कुणाचीच निघाली नाही. अमेरिकेच्या त्या आकड्यात फक्त परस्परांशी मालकीसंबंध नसलेल्या कंपन्यांमधला व्यवहार होता. एखाद्या अमेरिकी बँकेने आपल्याच भारतीय उपकंपनीकडून करून घेतलेलं काम त्यात नव्हतं. भारत अमेरिकेत गेलेल्या अभियंत्यांच्या कामाची कमाईही निर्यातीत धरत होता. अमेरिका वर्षभराहून जास्त राहिलेल्याला आपला रहिवासी मानत होती. संगणकात बसवून पाठवलेलं सॉफ्टवेअर भारताने सेवा म्हणून धरलं, अमेरिकेने माल म्हणून. अमेरिकी मालकीच्या पण तिसऱ्या देशातल्या कंपनीला दिलेली सेवाही आपल्याकडे अमेरिकेच्या नावावर पडत होती. आणि भारतातून सेवा घेणाऱ्या सगळ्या कंपन्यांपर्यंत अमेरिकेची पाहणी पोचलीच नव्हती.

वर्षभराचा तो नियम आजही जशास तसा आहे. न्यू जर्सीत तीन महिन्यांसाठी गेलेल्या अभियंत्याचं काम भारताची निर्यात. तीन वर्षं तिथे असलेल्याचं नाही.

जागतिक क्षमता केंद्रांचा, म्हणजे जीसीसींचा प्रश्न याहून अवघड आहे, आणि पुण्या-मुंबईत त्यांची संख्या वाढत असल्याने आपल्याला जवळचाही. परदेशी कंपनीचं भारतातलं केंद्र आपल्याच मूळ कंपनीसाठी काम करतं. बिल कसं ठरतं? बहुधा ‘खर्च अधिक ठरावीक टक्के’ या पद्धतीने. समजा वर्षाचा खर्च १०० कोटी आणि वरचा नफा १५ टक्के. निर्यात नोंदली गेली ११५ कोटी. त्या केंद्रात तयार झालेल्या प्रणालीने मूळ कंपनीला हजार कोटी मिळवून दिले, तरी इथला आकडा ११५ च. आणि इथले पगार वाढले की काम तेवढंच असूनही निर्यात वाढलेली दिसते. हा बाजारभाव नसून हस्तांतर-किमतीच्या (एकाच गटातल्या कंपन्यांनी एकमेकींना लावलेल्या किमतीच्या) करनियमांत बसवलेला भाव आहे, हे निर्यातवाढीचे आलेख पाहताना डोक्यात ठेवावं.

नोकऱ्या: उद्योग की व्यवसाय?

‘आयटीत किती लोक काम करतात’ या प्रश्नाचे दोन अर्थ आहेत. आयटी कंपन्यांत किती लोक, हा एक. आयटीचं काम करणारे किती लोक, हा दुसरा. पहिल्यासाठी उद्योगाचा संकेतांक, दुसऱ्यासाठी व्यवसायाचा. नियतकालिक श्रमबल पाहणीत प्रत्येक कामकऱ्यासाठी हे दोन्ही नोंदलेले असतात. बँकेत बसून ॲप बांधणारी मुलगी उद्योगाने बँकिंगमध्ये, व्यवसायाने सॉफ्टवेअरमध्ये. आयटी कंपनीच्या पगारपत्रकावरचा हिशेबनीस बरोब्बर उलटा. आणि कंपनीच्या फाटकावरचा सुरक्षारक्षक, जो कंत्राटदाराकडून येतो, तो दोन्हीकडून बाहेर. कंपनीने सुरक्षा, उपाहारगृह, सफाई ही कामं बाहेर दिली की ‘आयटीतला रोजगार’ कमी होतो, माणसं मात्र त्याच आवारात त्याच वेळी कामाला येत राहतात. मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीच्या नावावरचे प्रोग्रॅमर हा या घोळाचा आणखी एक पदर.

नॅसकॉमचे सुमारे ५४ लाख (२०२३-२४) आणि इक्रिअर अभ्यासातले १ कोटी ४६ लाख ७० हजार (२०२२-२३) यांतलं अंतर बहुतांशी कुंपणाचं आहे: दुसऱ्यात दूरसंचार, कारखाने, प्लॅटफॉर्म आणि पारंपरिक क्षेत्रांतले डिजिटल कामगारही आले.

नमुना पाहणीतून जिल्ह्याचा आकडा काढण्याचा मोहही आवरावा. पाच अंकी संकेतांक, एक जिल्हा आणि स्त्रिया एवढी चाळणी लावली की नमुन्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं उरतात. त्यावर काढलेली टक्केवारी संगणक देतो, म्हणून खरी होत नाही.

सिमकार्डं मोजली की माणसं?

दूरसंचार नियामक ट्राय दर महिन्याला ग्राहकसंख्या जाहीर करतं. ती जोडण्यांची संख्या असते. दोन सिमं वापरणारा माणूस तिथे दोनदा येतो. म्हणून दिल्लीसारख्या दूरसंचार सेवाक्षेत्रात (परवान्यासाठी आखलेल्या विभागात) शंभर माणसांमागे २५० हून जास्त जोडण्या दिसतात. त्याच अहवालात ‘व्हीएलआर’वर आधारलेला सक्रिय जोडण्यांचा आकडा असतो, म्हणजे त्या महिन्यातल्या सर्वाधिक गर्दीच्या दिवशी नेटवर्कवर प्रत्यक्ष दिसलेली सिमं. एकूण आणि सक्रिय यांतली तफावत कंपनीगणिक बरीच वेगळी असते आणि पडून असलेल्या सिमांचा अंदाज देते. यंत्रांत बसवलेली, तेरा अंकी क्रमांकांची सिमं वेगळी पाहावीत. वीजमीटर फोन उचलत नाही.

मराठी वाचकासाठी यात एक खास सापळा आहे. ट्रायच्या तक्त्यातला ‘महाराष्ट्र’ म्हणजे महाराष्ट्र राज्य नव्हे. ते दूरसंचार सेवाक्षेत्र आहे: त्यात गोवा आहे, आणि मुंबई, नवी मुंबई, कल्याण नाही, त्यांचं ‘मुंबई’ हे वेगळं सेवाक्षेत्र. राज्याचा आकडा हवा म्हणून दोन्ही ओळींची बेरीज केली तरी गोवा आत राहतो. त्या बेरजेला एकट्या महाराष्ट्राच्या लोकसंख्येने भागलं की चूक पक्की.

ब्रॉडबँडची व्याख्याही हलती आहे. २००४ च्या धोरणात किमान वेग २५६ केबीपीएस होता, २०१३ मध्ये ५१२ झाला, आणि जानेवारी २०२३ पासून २ एमबीपीएस. लांबच्या काळाचा आलेख काढताना ही वर्षं आडव्या अक्षावर खुणेने दाखवावीत.

माणसांचं चित्र हवं असेल तर घरोघरच्या पाहण्या बघाव्यात. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या ७५ व्या फेरीत २३.८ टक्के कुटुंबांकडे इंटरनेटची सोय होती. २०२५ च्या जानेवारी ते मार्चमधल्या दूरसंचारविषयक पाहणीत ८६.३ टक्के कुटुंबांच्या घरात. उडी प्रचंड आहे आणि दिशा निर्विवाद. तरीही दोन्ही टक्केवाऱ्या एका रेषेने जोडण्याआधी दोन्ही प्रश्नावल्यांतले शब्द शेजारी ठेवून वाचावेत. कुटुंबात एक स्मार्टफोन असणं आणि घरातल्या आजीने तो वापरणं यांत फरक आहे, आणि प्रश्नावलीत दोहोंसाठी वेगळे प्रश्न असतात.

बातमीतला आकडा हाती आला की

समजा मथळा आहे: ‘आयटी क्षेत्राची १२ टक्के झेप’. आधी बघायचं, कशाची झेप: उलाढाल, मूल्यवर्धन, निर्यात की जोडण्या. मग चलन. डॉलरमध्ये ८ टक्के वाढलेली निर्यात, त्याच वर्षी रुपया ४ टक्क्यांनी घसरला, तर रुपयांत १२ टक्क्यांहून थोडी जास्तच दिसते. मग किमती चालू की स्थिर. स्थिर किमतींच्या आकड्यात महागाई काढून टाकलेली असते, पण सॉफ्टवेअर सेवेची ‘महागाई’ मोजणं जिकिरीचं आहे. दोन वर्षांपूर्वीचं आणि आजचं काम एकच माल नसतो. संगणकाच्या बाबतीत तर त्याच किमतीत दुप्पट क्षमता मिळाली, तर किंमत निम्मी झाली असं धरायचं का, यावर देशादेशांच्या पद्धती वेगळ्या आहेत. म्हणून दोन देशांचे आयसीटीचे वास्तव वाढदर थेट ताडून पाहण्यात अर्थ कमी. चालू किमतींतला मूल्यवर्धनातला वाटा त्या मानाने सुरक्षित. संयुक्त राष्ट्रांच्या संस्था आणि इतरांनी मिळून ठरवलेल्या मूलभूत निर्देशकांतही मूल्यवर्धनातला वाटा आणि व्यवसायक्षेत्राच्या मनुष्यबळातला वाटा हेच पहिले दोन धरले आहेत.

त्यानंतर काळ. नॅसकॉम आणि रिझर्व्ह बँकेचं वर्ष एप्रिल ते मार्च. अमेरिकेच्या व्यापारनोंदी जानेवारी ते डिसेंबर. आणि आकड्याची आवृत्ती: वर्षाचा आगाऊ अंदाज शेअरबाजारात नोंदलेल्या मोठ्या कंपन्यांच्या तिमाही निकालांवर बराच अवलंबून असतो, कारण बाकीच्यांचे ताळेबंद तेव्हा आलेलेच नसतात, पुढे दोन-तीन वर्षं तो सुधारत जातो. यंदाचा आगाऊ अंदाज आणि दोन वर्षांपूर्वी डाउनलोड करून ठेवलेल्या जुन्या फाइलमधला आकडा यांची वजाबाकी करून वाढदर काढू नये. दोन्ही वर्षांचे आकडे एकाच दिवशी, एकाच तक्त्यातून घ्यावेत. सांख्यिकी मंत्रालयाचं ई-सांख्यिकी पोर्टल २०२४ पासून यासाठी सोयीचं झालं आहे. पाहण्यांची कुटुंबनिहाय मूळ नोंद हवी असेल तर त्याच मंत्रालयाच्या मायक्रोडेटा पोर्टलवरून ती घेता येते. टक्केवारी काढण्याआधी प्रत्येक नोंदीसोबत दिलेला गुणक, म्हणजे ते एक घर देशातल्या किती घरांच्या वतीने मोजलंय तो आकडा, लावायला विसरू नका. तो न लावता काढलेली सरासरी फक्त नमुन्यात सापडलेल्या घरांची असते, देशाची नाही.